पावशेर डालडा

आमच्या घरात तूप व्हायचं, पण ते आमच्या ताटात यायचं नाही. सणाला पुरणपोळीवर आई चमच्यानं नाही, बोटानं तूप लावायची. बोट बरणीत बुडवायचं, पोळीवर एक रेघ ओढायची, झालं. पाहुणा असला तर दोन रेघा. अण्णांच्या पोळीवरची रेघ जरा ठसठशीत, माझी त्याहून बारीक, आणि थोरल्या आक्काच्या पोळीवर नुसतं बोट टेकवलेलं. शेवटी उरलंसुरलं बोट आई स्वतःच्या पोळीला पुसायची. त्या पुसण्याला ती 'माझं तूप' म्हणायची.

सांगोला तालुक्यातलं आमचं गाव. पाऊस नावाला पडायचा. रानात ज्वारी आणि करडई, दावणीला एक पंढरपुरी म्हैस. तलवारीसारखी लांब, पाठीवर गेलेली शिंगं, अंगानं शिडशिडीत, आणि खाण्याला नखरा नाही. वाळलेला कडबा, मूठभर सरकी पेंड आणि बांधावरचं गवत यावर ती दोन वेळचं मिळून चार-पाच लिटर दूध द्यायची. डेअरीची गाडी तेव्हा आमच्या वस्तीपर्यंत येत नव्हती. त्यामुळं दुधाचा पैसा करायचा म्हणजे तूप करायचं, दुसरा रस्ता नव्हता.

आई पहाटे उठायची. डेऱ्यात रवी घालून दोरी ओढायला लागली की तो घर्र घर्र आवाज माझ्या झोपेत शिरायचा. लोणी वर आलं की थंड पाण्याचा हबका, मग लोण्याचा गोळा काढून पाण्यातल्या भांड्यात. आठवडाभराचं लोणी साठलं की ती ते चुलीवर कढवायची. जाळ बारीक. लोणी आधी तडतडायचं, मग फेस यायचा, मग फेस बसायचा आणि तळाला बेरी तांबूस व्हायची. त्या वेळी ती विड्याचं एक पान आत टाकायची. पान कुरकुरीत झालं की भांडं खाली. बेरी आमची. तीत गूळ घालून मी आणि आक्का भांड्याच्या कडेला भांडत खायचो. तूप मात्र चिनी मातीच्या बरणीत जायचं, आणि बरणी फळीवर.

किलोभर तुपाला पंधरा-सोळा लिटर दूध लागतं, हा हिशोब मी पुढं नोकरीत शिकलो. आईला तो शिकावा लागला नव्हता. तिचा हिशोब दिवसांचा होता. "चार दिस म्हस राबली की एक शेर," असं ती म्हणायची. किलो येऊन कैक वर्षं झाली होती, पण आईच्या तोंडात शेरच राहिला.

स्निग्ध म्हणून जे काही असतं, त्याच्या जाती मला आज्जीनं शिकवल्या. म्हणजे अण्णांच्या आईनं. तिला अक्षर येत नव्हतं. ती बघायची ते एवढंच, की ताटात काय गोठतं आणि काय गोठत नाही.

गावच्या जत्रेला बोकड पडायचं. आमच्या वाट्याला आलेल्या मटणात चरबीचे पांढरे तुकडे असायचे. बुक्क्याभोवतीची चरबी सगळ्यात कठीण, सुरीनं कापली तर खडूसारखी भुगा होणारी. आज्जी ती वेगळी काढायची, तव्यावर वितळवायची आणि त्यातच मसाला परतायची. रश्शावर तांबडा तवंग यायचा. थंडीच्या दिवसांत जेवताना गप्पा मारत बसलं की ताटाच्या कडेला तोच तवंग मेणासारखा पांढरा होऊन बसायचा. आज्जी ओरडायची, "आरं, ऊन हाय तवर खा. आन् वर गार पानी पिऊ नगा, टाळूला बसंल." आम्ही कोमट पाणी प्यायचो, हातही कोमट पाण्यानंच धुवायचो.

गावरान कोंबडी केली की मात्र रश्शावर पिवळं तेल यायचं. ते असं गोठायचं नाही. थंडीत फार तर दाटसर व्हायचं, बोटाला लागलं की पुन्हा पातळ. आणि तलावातला मासा आणला तर त्याचं तेल कडाक्याच्या थंडीतही वाहतंच राहायचं. मी एकदा आज्जीला विचारलं, असं का? ती म्हणाली, "मासा गार पान्यात ऱ्हातुय. त्याची चरबी गोठली तर त्यो पवायचा कसा?" पुढं कॉलेजात प्राध्यापकांनी फळाभर आकृत्या काढून हेच समजावलं, तेव्हा मला आज्जी आठवली होती.

तुपाची तिची परीक्षा वेगळी. तूप पावसाळ्यात-हिवाळ्यात गोठलं पाहिजे, पण चरबीसारखं सपाट नाही. त्यात कणी पडली पाहिजे. ते जिभेवर ठेवलं की लगेच विरघळलं पाहिजे. आणि म्हशीचं असेल तर पांढरं पाहिजे. गाईचं पिवळं. "तोंडात इरतंय ते दुधाचं, तोंडात बसतंय ते अंगाचं," असं ती सांगायची. अंगाचं म्हणजे जनावराच्या अंगावरचं. चरबी.

आमचं तूप जायचं ते वरच्या आळीतल्या माळकरी आज्जींकडे. त्यांचं नाव वेगळंच होतं, पण सारं गाव त्यांना माळकरी आज्जीच म्हणायचं. वयानं आमच्या आज्जीच्याच, पण एकट्या. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाच्या दोन्ही वाऱ्या चुकवायच्या नाहीत, मांस-मच्छी सोडाच, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. चातुर्मासात रोज संध्याकाळी त्या विठ्ठलापुढं तुपाचं निरांजन लावायच्या. एकादशीला भगरीवर चमचाभर तूप. बाजारातलं तूप त्यांना चालायचं नाही. आईच्या हातचंच हवं. "हिच्या डेऱ्याला खोट न्हाई," असं त्या दहा जणांत बोलायच्या आणि आई पदराआड हसायची. आईला शाळा नव्हती, दागिना नव्हता, माहेरचं कोणी उरलं नव्हतं. मोठेपण म्हणावं असं तिच्याजवळ एवढंच एक वाक्य होतं.

१९८३ साली मी दहावीत गेलो. पुस्तकं, वह्या, फी आणि नवा सदरा. अण्णांच्या हातात काही नव्हतं. आईनं माळकरी आज्जींकडून चातुर्मासाच्या दोन किलो तुपाचे पैसे उचल आणले. माझी पुस्तकं आली. मी त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली.

म्हैस गाभण होती. दरवर्षी ती श्रावणाच्या तोंडापर्यंत थोडंफार दूध द्यायची. त्या वर्षी वैरण कमी पडली आणि ती लवकरच आटली. मला ते ठाऊक होतं. पण आटलेली म्हैस आणि फळीवरची भरलेली बरणी या दोन गोष्टी मी एकमेकींना जोडून बघितल्या नव्हत्या. पंधरा वर्षांच्या पोराला घरात तूप कुठनं येतं हे माहीत असतं. कुठनं येत नाही, याचा विचार त्याच्या डोक्यात येत नाही.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट होतं. विज्ञानाच्या सरांना मात्र हौस दांडगी. श्रावणात एके दिवशी ते म्हणाले, उद्या आपण शुद्ध तूप ओळखायचा प्रयोग करू. कुणाकडं घरचं तूप असेल तर चमचाभर आणा. मी सगळ्यांत आधी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई रानात गेल्यावर मी फळीवरची बरणी उतरवली आणि दोन चमचे तूप औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं. बरणी त्याच दुपारी माळकरी आज्जींकडं जायची होती.

सरांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत वाण्याकडून आणलेलं वनस्पती तूप. कुठल्याही कंपनीचं असलं तरी आमच्याकडं त्याला डालडाच म्हणायचे. दुसरीत माझं. दोन्ही वितळवली, तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, चिमूटभर साखर टाकली, बूच लावून हलवली आणि लाकडी घोडीवर ठेवली. मग सर सांगू लागले. सरकारनं वनस्पती तुपाच्या कारखानदारांना सक्ती केली आहे, की त्यात निदान पाच टक्के तिळाचं तेल मिसळलंच पाहिजे. चवीसाठी नाही. तिळाच्या तेलातला एक घटक, आम्ल आणि साखर एकत्र आले की लाल रंग येतो. म्हणजे कुणी शुद्ध तुपात वनस्पती मिसळलं तर तीळ चुगली करतो. घरच्या तुपात तीळ नाही, म्हणून रंग नाही.

पाच मिनिटांनी पहिल्या नळीच्या तळाला लालभडक रंग आला. पोरांनी 'ओ' केलं. मग सगळ्यांच्या माना दुसऱ्या नळीकडं वळल्या. तिच्यात आधी काहीच दिसेना. नंतर तळाचं आम्ल हळूहळू गुलाबी झालं. मग आणखी थोडं गडद. डाळिंबाच्या दाण्याचा असतो तसा रंग.

वर्गात कुणी बोलेना. माझे कान तापले. सरांनी नळी उजेडात धरली, माझ्याकडं बघितलं, परत नळीकडं बघितलं. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "काय रे, म्हशीला तिळाची पेंड घालता काय तुम्ही?"

मी म्हणालो, "होय सर."

"मग तसं होणारच. पेंडीचा गुण," असं म्हणून त्यांनी दोन्ही नळ्या मोरीत ओतल्या आणि फळ्यावर दुसरंच काही लिहायला लागले.

आमच्या गावात तिळाची पेंड मिळतच नव्हती. अख्खं गाव सरकी घालायचं. माझ्या बाकावरच्या पोराला ते माहीत होतं, वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सर काही परगावचे नव्हते.

घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. बरणी फळीवर नव्हती. मी दप्तर न उतरवता सांगितलं, आपलं तूप लाल झालं. तिला आधी कळेना. मी नीट सांगितलं. आम्ल, साखर, तीळ, डालडा. ती थापत राहिली. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली आणि तिचा करपट वास सुटला.

"पावशेर घातला," ती म्हणाली. "दोन शेरात पावशेर. म्हस आटली, तर काय करू? पैसं तर घेतल्यालं."

"मग आज्जीला सांगायचं की, कमी देते म्हणून."

"आन् त्या आनिक कुटं बोलल्या आस्त्या म्हंजे?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुजी पुस्तकं आली न्हवं त्यातनं."

त्यानंतर मी काही बोललो नाही. अण्णांनाही सांगितलं नाही. हे एवढ्यावरच मिटलं असतं. पावशेर डालडा म्हणजे काही विष नव्हतं. गावात लग्नाच्या पंगती डालड्यावर उठत होत्या, दिवाळीच्या करंज्या डालड्यात तळल्या जात होत्या. फसवणूक होती, पण अशी, की जी पुढच्या वर्षी पावशेर तूप जास्त घालून मनातल्या मनात फेडता आली असती.

पण त्याच वर्षी पावसाळा सरता सरता वर्तमानपत्रांत बातम्या यायला लागल्या. परदेशातून साबणासाठी वगैरे म्हणून आणलेली गाईची चरबी काही कारखानदारांनी वनस्पती तुपात मिसळल्याचं ते प्रकरण. देशभर गदारोळ उठला. संसदेत गाजलं, सरकारनं चरबीच्या आयातीवर बंदी घातली. आमच्या गावात एक वर्तमानपत्र यायचं, तेही दुपारच्या एसटीनं. पारावर एक जण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. गावातल्या बायकांनी डालड्याचे डबे उकिरड्यावर नेऊन उपडे केले. एकीनं तर तळलेल्या पुऱ्या कुत्र्यालाही घातल्या नाहीत, खड्डा करून पुरल्या.

आईनं ती बातमी पाण्याच्या आडावर ऐकली. घागर अर्धी भरूनच घरी आली. ती मटण खाणारी बाई होती, चरबीत मसाला परतणारी. तिला स्वतःसाठी काही वाटलं नसतं. पण तिच्या डोळ्यांपुढं निरांजन होतं. आषाढापासून कार्तिकापर्यंत रोज संध्याकाळी विठ्ठलापुढं जळणारं. आणि एकादशीची भगर होती.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णांनी विचारलं तर पोटात दुखतंय म्हणाली. मला बाजूला घेऊन विचारलं, "तुज्या त्या नळीत चरबी कळती का रं?"

मी सरांना जाऊन विचारलं. सर म्हणाले, नाही. तो रंग तिळाचा. चरबीचा नव्हे. चरबी ओळखायला वेगळी तपासणी लागते, ती मोठ्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी हे का विचारतोस असं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी आई मला घेऊन माळकरी आज्जींच्या घरी गेली. मला का नेलं, ते मला तेव्हा कळलं नाही. बहुतेक एकटीचं पाऊल उचलत नसावं. आज्जी वाती वळत बसल्या होत्या. आई उंबऱ्याच्या बाहेरच बसली आणि सरळ सांगून टाकलं. म्हस आटली होती, तुपात डालडा घातला, पावशेर.

आज्जींचे हात थांबले. "कवाच्या तुपात?"

"सरावणातल्या."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. आम्ही वाट बघत होतो, की त्या ओरडतील, शिव्या घालतील. तसं काही झालं नाही. त्या उठल्या, देवळीतलं पितळी निरांजन उचललं, आमच्यासमोरनं अंगणात गेल्या आणि राखेनं घासायला बसल्या. घासत राहिल्या. आई म्हणाली, "आज्जी, पदरात घ्या." त्यांनी मान वर केली नाही. "जा तू आता," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी गळ्यातली माळ उतरवून देवापुढं ठेवली, असं दोन दिवसांनी कळलं. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. दिवाळीनंतर त्या कार्तिकीला पंढरपूरला गेल्या, चंद्रभागेत अंघोळ केली आणि माळ पुन्हा घालून आल्या. आल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीच्या हातनं आमच्या घरी चुरमुऱ्यांचा प्रसाद आणि बुक्क्याची पुडी आली. आईनं प्रसाद कपाळाला लावला आणि भिंतीकडं तोंड करून रडली. त्याबरोबर आमची रिकामी बरणीही आली होती, स्वच्छ धुऊन. आमच्या घरचं तूप त्यांनी पुन्हा कधीच घेतलं नाही. वाटेत भेटल्या तर थांबून बोलायच्या, माझ्या परीक्षेची चौकशी करायच्या. तुपाचं नाव नाही.

आईनंही त्यानंतर विकायला तूप केलं नाही. म्हैस व्याली तेव्हा घरात दुधाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला, पण दीड-दोन वर्षांत डेअरीची गाडी वस्तीपर्यंत आली आणि तो सुटला. आणि एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. सणाला आमच्या पोळ्यांवर रेघा ओढून झाल्या, की आई आता बोट स्वतःच्या पोळीला पुसत नव्हती. पदराला पुसायची.

मी बी.एस्सी. झालो आणि एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत चिकटलो. पस्तीस वर्षं मी फॅट मोजली. काचेच्या फॅट-नळीत दहा मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध, वर एक मिली अमाइल अल्कोहोल. आम्ल दुधातलं बाकी सगळं जाळून विरघळवतं, फक्त स्निग्धांश उरतो. नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या, गरम पाण्यात धरायच्या आणि मानेतला पिवळसर थर आकड्यांवर वाचायचा. म्हशीचं सहा, सात, कधी त्याहून जास्त. गाईचं साडेतीन, चार. त्या आकड्यावर शेतकऱ्याचा दर. बायका खिडकीबाहेर उभ्या राहून माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी एक दशांशही इकडचा तिकडं केला नाही. ओळखीच्यांनी शिव्या दिल्या, तरी केला नाही.

तिथंच मला आज्जीच्या जातींचा उलगडा झाला. दुधाच्या तुपात संपृक्त म्हणजे घट्ट होणाऱ्या जातीचा स्निग्धांश साठ टक्क्यांच्या वर असतो. बोकडाच्या चरबीत तो साधारण निम्म्याच्या आसपास. मग चरबी टाळूला का बसते आणि तूप का विरतं? कारण तुपातल्या संपृक्त आम्लांत काही अगदी आखूड साखळीची असतात. त्यातलं सगळ्यात आखूड ब्युटिरिक आम्ल, शंभर ग्रॅममागं तीन-चार ग्रॅम. रवंथ करणाऱ्या जनावराच्या दुधाची ती खूण. त्याच जनावराच्या अंगावरच्या चरबीत ते नसतं. चरबीत लांब साखळीची आम्लं, त्यातलं स्टिअरिक तर चांगलंच कडक. म्हणून ती तोंडाच्या उबेलाही विरघळत नाही. कोंबडीच्या चरबीत संपृक्त भाग तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून ती मऊ. माशाच्या तेलात असंपृक्त जास्त, म्हणून ते वाहतं. म्हैस चाऱ्यातलं कॅरोटिन अंगातच जीवनसत्त्वात बदलून टाकते, गाय ते तसंच दुधात सोडते, म्हणून एकीचं तूप पांढरं आणि दुसरीचं पिवळं. आज्जीचं एकही वाक्य खोटं निघालं नाही.

खोटी निघाली ती डालड्याबद्दलची आम्हा सगळ्यांची समजूत. तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडायचा, की तेल तुपासारखं घट्ट होतं. पण त्या खटाटोपात ट्रान्स नावाची जात तयार होते. दुधात-मांसातही ती निसर्गतः थोडी असते, पण वनस्पती तुपात ती खूपच जास्त निघायची. ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. आपल्या देशात २०२२ पासून तेला-तुपांत ती दोन टक्क्यांच्या वर ठेवायला बंदी आहे. म्हणजे पंगतीत ज्याला सगळे गरिबाचं तूप म्हणायचे, ते तुपाहूनही आणि बोकडाच्या चरबीहूनही काळजाला वाईट होतं. आईनं पावशेर घातलं त्या वेळी हे आमच्या गावात कुणाच्या कानावर नव्हतं. मी हे तिला कधी सांगितलं नाही. तिच्याजवळ ओझं पुरेसं होतं.

आता आई ऐंशीच्या पुढं आहे, माझ्याकडं असते. मागच्या वर्षी तिची छाती भरून आली म्हणून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर तरुण होता, मायाळू होता. कागद बघून म्हणाला, "आजी, कोलेस्टेरॉल वाढलंय. तूप, लोणी कमी करायचं हं."

आई म्हणाली, "बाळा, तूप मी चाळीस वर्सं चाखलं न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसला. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींना हसतात तसा. मी सांगितलं, खरं आहे ते. मग तो जरा गंभीर झाला आणि म्हणाला, सगळं काही खाण्यातनं येत नाही, शरीर स्वतःही कोलेस्टेरॉल तयार करतं. गोळी लिहून दिली.

घरी येताना रिक्षात आई गप्प होती. मग अचानक म्हणाली, "तू तपासनीस हुतास. एक सांग. त्या माळकरी आज्जीच्या तुपात चरबी आसंल का रं?"

मी पस्तीस वर्षं आकडा खोटा लिहिला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्या, जळून गेलेल्या तुपात काय होतं, हे सांगणारी नळी जगात नाही. गावच्या वाण्याच्या डब्यातला डालडा त्या कारखानदारांचा असेलच असं नाही, नसेलच असंही नाही.

"नव्हती," मी म्हणालो.

"कशावरनं?"

"नळी लाल झाली होती की. लाल झाली म्हणजे नुसतं तेलाचं. चरबी असती तर लाल झालीच नसती."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला ते पटलं की तिनं मला सोडून दिलं, हे मी सांगू शकत नाही. तिनं पदर नीट केला आणि रस्त्याकडं बघत बसली. मला आमचे सर आठवले, उजेडात धरलेली नळी आठवली.

यंदाच्या होळीला पुरणपोळी केली होती. दुकानातलं तूप होतं, उन्हानं बरणीतच पातळ झालेलं. डॉक्टरनं कमी म्हटलंय, बंद नाही, असं मनाशी म्हणत मी बोट बुडवलं आणि आईच्या पोळीवर एक रेघ ओढली. तिनं हात आडवा घातला नाही. तुकडा मोडला, तोंडात ठेवला, सावकाश चघळला.

"गाईचं दिसतंय," ती म्हणाली. "पिवळं हाय."